मोहिलाने शाळा हलवली

कीव्ह-मोहिला अकादमी कधी स्थापन झाली, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. विद्यापीठ स्वतः सांगतं १६१५. इतिहासाची बरीच पुस्तकं सांगतात १६३२. आणि या दोघांच्या मधे १६३१ उभं आहे, कारण ज्याच्या नावाने ही संस्था ओळखली जाते त्या पेत्रो मोहिलाने आपली शाळा सुरू केली ती १६३१ साली.

तारखांचा वाद हा साधारणपणे निवृत्त प्राध्यापकांचा छंद. आपल्याला काय करायचंय? पण हा वाद मला फार आवडतो. तुम्ही कुठली तारीख निवडता त्यावरून संस्था म्हणजे काय याबद्दल तुमचं मत कळतं. जमीन आणि लोक जमले की संस्था झाली, असं वाटत असेल तर १६१५. एखादा हुशार, पैसेवाला, धडाडीचा माणूस नवीन अभ्यासक्रम घेऊन उभा राहिला की संस्था झाली, असं वाटत असेल तर १६३१. माझं मत १६३२ला. त्या वर्षी नवीन असं काहीच सुरू झालं नाही. उलट मोहिलाने स्वतःची चालू शाळा उचलली आणि दुसऱ्यांच्या आवारात नेऊन ठेवली. एवढंच! पण माझ्या मते कॉलेजची खरी स्थापना तीच.

आता थोडा इतिहास. कंटाळवाणा होणार नाही याची काळजी घेतो.

सोळाव्या शतकाच्या शेवटी कीव्ह हे पोलंड-लिथुएनियाच्या संयुक्त राज्यातलं सरहद्दीकडचं शहर होतं. राजा कॅथलिक, दरबार कॅथलिक. कीव्हच्या आसपासची बहुतेक प्रजा मात्र ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, म्हणजे रोमच्या पोपला न मानता कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूंना मानणारी. १५९६ साली ब्रेस्ट इथे एक करार झाला. बऱ्याच ऑर्थोडॉक्स बिशपांनी पोपचं वर्चस्व मान्य केलं. पूजापद्धती आपली जुनीच, पण निष्ठा रोमला, असा तो मामला. ज्यांनी हे मानलं नाही त्यांची अवस्था विचित्र झाली. लोक आहेत, देवळं आहेत, पण सरकारदरबारी त्यांच्या चर्चला मान्यताच नाही.

त्यात शाळांचा प्रश्न. जेझुइट लोक शाळा चालवण्यात पटाईत. विल्नियसची त्यांची अकादमी १५७९ची. १५९९ साली त्यांनी आपल्या सगळ्या शाळांसाठी एकच अभ्यासक्रम आणि नियमावली छापली. कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं, वादविवाद कसे घ्यायचे, शिक्षकाने कसं वागायचं, सगळं ठरलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शिक्षणाचं प्रमाणित पॅकेज. कुठल्याही शहरात नेऊन बसवा, चालणार! शिवाय फी नाही. ऑर्थोडॉक्स सरदारांची मुलं या शाळांत गेली, छान लॅटिन शिकली, आणि त्यातली बरीच कॅथलिक होऊन बाहेर पडली. त्यात जबरदस्ती करावी लागलीच असं नाही. ज्या शाळेत अक्कल मिळते त्या शाळेचा धर्मही पोराला शहाणा वाटतो, यात नवल काही नाही.

याला उत्तर म्हणून ठिकठिकाणी ऑर्थोडॉक्स नागरिकांनी संघ काढले. त्यांना बंधुसंघ म्हणू. व्यापारी, कारागीर, छोटे जमीनदार, काही पाद्री असे सगळे त्यात असत. कीव्हचा बंधुसंघ साधारण १६१५चा. त्याच वर्षी हाल्श्का हुलेविचिव्ना नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईंनी पोदिल भागातली आपली जागा दान दिली. (पोदिल म्हणजे टेकडीखालचा, नीपर नदीकाठचा भाग, व्यापारी पेठच म्हणा.) दान कशासाठी, तर मठासाठी, यात्रेकरूंच्या धर्मशाळेसाठी आणि शाळेसाठी. शाळा सरदारांच्या मुलांसाठी तशीच शहरातल्या सामान्य मुलांसाठी. १६१५ सालात एका बाईने दानपत्रात हे लिहून ठेवावं! मला हे वाक्य फार मोठं वाटतं.

मग या संघात कोसॅक आले. तेही एकेक करून नाही. त्यांचा हेटमन, म्हणजे सेनापती, पेत्रो साहाइदाच्नी आपल्या सगळ्या सैन्यासकट बंधुसंघाचा सभासद झाला. विचार करा, तुमच्या सोसायटीच्या वाचनालयाचं सभासदत्व एखाद्या अख्ख्या रेजिमेंटने घेतलं तर? त्यानंतर वर्गणी बुडवायची कुणाची छाती नाही! १६२० साली जेरुसलेमचे धर्मगुरू थेओफानेस कीव्हमध्ये आले. त्यांनी राजाला न विचारता नवे ऑर्थोडॉक्स बिशप नेमले आणि बंधुसंघाला स्थानिक बिशपाच्या हाताखालून काढून थेट वरच्या धर्मगुरूंच्या छत्राखाली ठेवलं. शाळेचे पहिले प्रमुख इओव्ह बोरेत्स्की हे तेव्हा महाधर्मगुरू झाले. १६२२ साली साहाइदाच्नी वारला तेव्हा शाळेच्या पोरांनी त्याच्यावर रचलेल्या कविता म्हटल्या. मृत्युपत्रात त्याने शाळेसाठी पैसे ठेवले होते.

म्हणजे १६२०च्या दशकात पोदिलमध्ये काय होतं? जमीन होती, लोक होते, पाठीशी तलवार होती, पैसाही थोडाफार होता. नव्हतं ते एकच. जेझुइटांच्या तोडीचं शिक्षण. शाळेत स्लावोनिक आणि ग्रीकवर भर होता. चर्चसाठी ते उत्तमच. पण त्या राज्यात कोर्टकचेरी चालायची लॅटिन आणि पोलिशमधून. संसदेतली भाषणं, करार, विद्वानांची पुस्तकं, सगळीकडे लॅटिन. आपली बाजू मांडायला उठायचं तर ती भाषा पाहिजे.

इथे मोहिलाची एंट्री.

पेत्रो मोहिला (रुमानियन नाव पेत्रु मोव्हिला) जन्मला १५९६ साली, म्हणजे ब्रेस्टच्या कराराच्याच वर्षी. घराणं मोल्डाव्हियाच्या राजांचं. सत्तेच्या मारामारीत हरल्यावर कुटुंब पोलंडच्या आश्रयाला आलं. त्यामुळे पोरगा वाढला पोलिश सरदारांच्या वर्तुळात. १६२७ साली, वयाची एकतीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, तो कीव्हच्या गुहामठाचा, पेचेर्स्क लाव्राचा, मठाधिपती झाला. लाव्रा म्हणजे त्या भागातला सगळ्यात मोठा आणि श्रीमंत मठ. स्वतःचा छापखाना, स्वतःची गावं. थोडक्यात, एक परका राजपुत्र, तरुण, श्रीमंत, बड्या लोकांत ऊठबस असलेला, आणि डोक्यात कल्पना पक्की, की जेझुइटांना त्यांच्याच पद्धतीने उत्तर द्यायचं.

१६३१च्या शरद ऋतूत त्याने लाव्रात शाळा काढली. ल्व्हीवहून शिकवायला माणसं आणली: इसाया त्रोफिमोविच-कोझलोव्स्की आणि सिल्वेस्तर कोसिव्ह. इयत्ता जेझुइट धर्तीच्या, शिकवण्याची भाषा मुख्यतः लॅटिन. १६३२च्या ईस्टरला या पोरांनी मोहिलाला एक स्तुतिकाव्यांचं पुस्तक भेट दिलं, त्यात विद्या म्हणजे हेलिकॉन आणि पार्नासस. ऑर्थोडॉक्स मठाच्या आवारात ग्रीक काव्यदेवतांचे डोंगर! काम झोकात सुरू होतं.

आणि शहर पेटलं.

ऑर्थोडॉक्स लोकांना वाटलं, हा माणूस आपल्याच मठात रोमची शाळा घेऊन आला. कोसॅकांना तर खात्रीच पटली. कोसिव्हने पुढे १६३५ साली या शाळांच्या बचावासाठी एक पुस्तक लिहिलं, त्यात तो त्या दिवसांबद्दल सांगतो. शिक्षकांनी मरणापूर्वीचा कबुलीजबाब देऊन ठेवला होता, आणि आपल्याला कापून नीपरमधल्या स्टर्जन माशांच्या पोटात कधी भरतात याची ते वाट बघत होते. नोकरीतला ताण वगैरे आपण म्हणतो तो याच्यापुढे काहीच नाही.

आता इथे एक सोपी गोष्ट सांगता येते आणि ती बऱ्याचदा सांगितली जाते. दूरदृष्टीचा सुधारक विरुद्ध अडाणी जमाव. मला ती गोष्ट पटत नाही. विरोधकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही बघताय की जो लॅटिन शाळेत गेला तो गेला. तुमचे बिशप गेले, तुमचे सरदार गेले. तुम्ही वर्गणी काढून, एका बाईच्या दानावर, सोळा वर्षं एक शाळा चालवलीत. आणि आता टेकडीवरच्या श्रीमंत मठात एक परका राजपुत्र येऊन म्हणतो, मी तुमच्यासाठी याहून चांगली शाळा काढतो. ती शाळा चालली तर तुमची बंद पडणार. आणि ती कुणाच्या हातात असणार? एका मठाधिपतीच्या. उद्या तोही रोमकडे गेला तर? आधीचे बिशप गेलेच होते की! यांचा संशय अडाणी नव्हता, तो अनुभवातून आलेला होता.

मोहिलाला तेव्हा दोन रस्ते होते. एक म्हणजे हट्टाने चालू ठेवणं. पैसा त्याचा, मठ त्याचा, ओळखी त्याच्या. पोदिलची शाळा पाच-दहा वर्षांत आपोआप मेली असती. (सॉफ्टवेअरमधले लोक हा खेळ ओळखतील. जुना प्रोजेक्ट चालवणाऱ्यांशी पटत नाही, मग आपला फोर्क काढा, जास्त माणसं लावा, आणि मूळ प्रोजेक्ट सुकत गेला की म्हणा, बघा, लोकांनी आम्हाला निवडलं.) दुसरा रस्ता म्हणजे बोलणी.

त्याने बोलणी केली. १६३१च्या शेवटी आणि १६३२च्या सुरुवातीला बंधुसंघाशी, तिथल्या सरदारांशी लेखी करार झाले. शाळा लाव्रात राहणार नाही. ती खाली पोदिलला, बंधुसंघाच्या जागेवर, हाल्श्काबाईंनी दिलेल्या त्याच आवारात जाईल. दोन शाळांची एक शाळा होईल. बदल्यात बंधुसंघ मोहिलाला आपला ज्येष्ठ बंधू आणि शाळेचा तहहयात पालक मानेल. १६३२च्या मार्चमध्ये हेटमन इवान पेत्राझित्स्की-कुलाहा आणि कोसॅक सैन्यानेही लेखी पाठिंबा दिला. जे काही महिन्यांपूर्वी स्टर्जनला खाऊ घालणार होते, त्यांच्या संमतीचा कागद आता शाळेच्या दप्तरात होता.

या करारात कोणी काय सोडलं ते बघा. बंधुसंघाने अभ्यासक्रमावरचा हक्क सोडला. लॅटिन आली ती राहिली. मोहिलाने जागा सोडली. आणि जागा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. शाळा लाव्रात असती तर मठाधिपतीच्या मर्जीवर असती, पोदिलला ती शहराच्या नजरेखाली आली. भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला पोरं काय घोकतायत ते ऐकू येणार. पोरं कॅथलिक होतायत का, हे बाजारात दुसऱ्या दिवशी कळणार. शाळा कोणाची, या प्रश्नाचं उत्तर जागेनेच देऊन टाकलं.

माझा मुद्दा एवढाच आहे. भाषा उसनी घेता येते, पद्धत उसनी घेता येते, वैऱ्याकडून सुद्धा. पण घर आपलं पाहिजे.

मोहिलाला मी संत करत नाहीये हं. (चर्चने पुढे केलं, तो त्यांचा प्रश्न.) १६३२च्या एप्रिलमध्ये राजा सिगिस्मुंड वारला. नवा राजा व्लादिस्लाव निवडून येताना ऑर्थोडॉक्स चर्चला पुन्हा कायदेशीर मान्यता मिळाली, आणि त्या घडामोडींत मोहिलाने स्वतःला महाधर्मगुरू म्हणून निवडून घेतलं. त्या पदावर आधीच एक म्हातारे गृहस्थ होते, इसाया कोपिन्स्की. त्यांना सक्तीने बाजूला केलं गेलं. तहहयात पालक ही सुद्धा काही लहान पदवी नाही. शाळा हलवली तरी लगाम बराचसा त्याच्याच हातात राहिला. म्हणजे हा माणूस सत्ता सोडणारा वगैरे अजिबात नव्हता. म्हणूनच त्याने शाळेची जागा सोडली हे मला महत्त्वाचं वाटतं. स्वभावाने नव्हे, तर समोरच्यांचा संशय रास्त आहे हे कळल्यामुळे सोडली.

तुम्ही म्हणाल, पण लॅटिनचं काय? ती तर लादलीच ना?

लादली. आणि कडक लादली. इयत्तांची नावं बघा: फारा, इन्फिमा, ग्रामाटिका, सिंटाक्सिमा, पोएटिका, रेटोरिका, आणि वर तत्त्वज्ञान. या कॉलेजात काल्कुलुस नावाचा एक प्रकार होता. डबीत घातलेला एक कागद. लॅटिन बोलताना जो चुकेल किंवा दुसरी भाषा बोलेल त्याच्या नावे तो कागद. त्याने दुसरा कोणी चुकेपर्यंत डबी सांभाळायची, आणि रात्री ज्याच्याकडे राहील त्याची शोभा. इंग्लिश मीडियममध्ये मराठी बोललं म्हणून दंड भरलेल्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही, तेव्हाचा नाही आणि आताचा नाही. पण त्या शाळेत काल्कुलुसची डबी खिशात घेऊन बसलेला पोरगा बाहेर पडला की पोदिलच्या बाजारातच होता. बुर्सा म्हणजे वसतिगृहातली गरीब पोरं शहरात दारोदार गाणी म्हणून अन्न मागत. आपल्याकडची माधुकरी आठवा. लोकांच्या घरचं अन्न खाऊन ती लॅटिन शिकत होती. असं शिकलेलं पोरगं परकं होणं अवघड. अशक्य नाही, अवघड.

गंमत म्हणजे जेझुइट स्वतः हे व्यवस्थित ओळखून होते. विल्नियसची अकादमी झाली त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्लिश जेझुइट गोव्यात उतरला. साष्टीत राहिला, भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरच्या छापखान्यात छापलं गेलं, मराठी ओव्यांत. कीव्हच्या बंधुसंघाची शाळा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी! एकच संस्था. पूर्वेला तिने आपली भाषा घेऊन आपला निरोप सांगितला. कीव्हमध्ये लोकांनी तिची भाषा घेऊन तिलाच उत्तर दिलं. दोन्हीकडे भाषा हे भांडं होतं, आणि भांडं कोणाच्या चुलीवर आहे हे महत्त्वाचं.

आता परवानगीचा प्रश्न. राजाने शाळा मान्य केली, पण हात राखून. १६३५च्या सनदेत स्पष्ट होतं की ग्रीक आणि लॅटिनमधून शिकवा, मात्र तर्कशास्त्राच्या पुढे जाऊ नका. म्हणजे वरचे विषय नाहीत, धर्मशास्त्र नाही, अकादमीचा दर्जा नाही. ट्रायल व्हर्जनच म्हणा. मोठी फीचर्स बंद. मग कीव्हने काय केलं? १६३९-४०च्या सुमारास योसिफ कोनोनोविच-होर्बात्स्कीने तर्कशास्त्राचा कोर्स घेतला, इथपर्यंत ठीक. पण १६४५ ते ४७मध्ये इनोकेंती गिझेल अख्खं तत्त्वज्ञान शिकवत होता, निसर्गविज्ञान आणि तत्त्वमीमांसेसकट. कागदावर बंदी तशीच. नाव कॉलेजच.

हे का चालून गेलं असेल? माझा अंदाज असा, की शाळा जर एकट्या मठाधिपतीची असती तर त्याला दरबारात बोलावून दम देणं सोपं होतं. ती शहराची, सरदारांची आणि सशस्त्र कोसॅकांची असल्यावर दम कोणाकोणाला देणार?

मोहिला १६४७च्या सुरुवातीला वारला. आपलं ग्रंथालय त्याने कॉलेजला ठेवलं. पुढच्याच वर्षी बोहदान ख्मेल्नित्स्कीच्या नेतृत्वाखाली कोसॅकांचा मोठा उठाव झाला आणि पोलिश सत्ता हादरली. १६४८ सरता सरता ख्मेल्नित्स्की विजयी होऊन कीव्हमध्ये शिरला तेव्हा या कॉलेजच्या मुलांनी त्याचं भाषणं-कवितांनी स्वागत केलं. आणि स्वागताला उभा असलेला महाधर्मगुरू कोण? सिल्वेस्तर कोसिव्ह. तोच, स्टर्जनवाला! सतरा वर्षांत एवढा बदल लॅटिनच्या व्याकरणाने होत नाही. तो त्या १६३२च्या करारामुळे झाला.

माझ्या मताला एक जड आक्षेप आहे, तो टाळणं बरं नाही. विसाव्या शतकातले मोठे रशियन धर्मतत्त्वज्ञ गेओर्गी फ्लोरोव्स्की यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात मोहिलाच्या परंपरेवर सणसणीत टीका केली. मुद्दा असा, की लॅटिन साचा घेतल्यावर विचारही त्या साच्याचाच झाला. बाहेरून ऑर्थोडॉक्स, आतून विचार करायची रीत रोमची. भाषा हे भांडं नसतं, भांड्याची चव पदार्थाला लागते, असं त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगता येईल.

यात तथ्य आहे. साच्याची चव लागतेच. पण पर्याय काय होता? लॅटिन न शिकणारी शुद्ध शाळा, जिच्यातली हुशार पोरं दर वर्षी जेझुइटांकडे जात राहिली असती? शुद्धता जपलेली संस्था आणि तिच्यात कोणीच नाही, हे मला तरी चालणार नाही. शिवाय साचा घेऊन त्यातून काय निघालं तेही बघावं. सिमेओन पोलोत्स्की मॉस्कोला जाऊन झारच्या मुलांचा शिक्षक झाला. एपिफानी स्लाविनेत्स्की तिकडे जाऊन भाषांतरं करत राहिला. अठराव्या शतकात ह्रिहोरी स्कोवोरोदासारखा कुठल्याच साच्यात न बसणारा भटका तत्त्वज्ञ याच कॉलेजात शिकून निघाला.

आणि माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा पुढे आहे. या कॉलेजला खरा धोका कॅथलिक पोलंडकडून आला नाही. तो आला स्वधर्मीय मॉस्कोकडून. १६८६ साली कीव्हचं धर्मपीठ मॉस्कोच्या अखत्यारीत गेलं. पोलिश राजाने जे द्यायचं टाळलं ते झारने दिलं: १६९४ साली धर्मशास्त्र शिकवायचा हक्क, १७०१ साली अकादमी ही पदवी. किती छान! मग १७२० साली पीटरचा हुकूम आला, की कीव्हच्या लाव्राने चर्चची जुनी पुस्तकं सोडून काही छापू नये आणि तीही रशियन प्रतींबरहुकूम असावीत. १७८६ साली मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, म्हणजे कॉलेजचं उत्पन्न गेलं. १८१७ साली अकादमीच बंद केली, आणि त्याच जागी १८१९ साली निव्वळ पाद्री तयार करणारी संस्था काढली. परका राजा, परकी भाषा, अपुरी परवानगी, यांत ती वाढली. आपला धर्म, जवळची भाषा, पूर्ण परवानगी, यांत ती संपली. मधल्या काळात बदलली ती फक्त मालकी.

पावणेदोनशे वर्षांनी, युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, १९९२ साली पोदिलच्या त्याच आवारात पुन्हा वर्ग भरले. आज तिथे शिकवण्याच्या भाषा दोन: युक्रेनियन आणि इंग्लिश. लॅटिनच्या जागी इंग्लिश आली, बाकी हिशोब तोच. आणि २०२२ साली रशियाने कीव्हवर चाल केली तेव्हा या शहराचं शिक्षण कोणाच्या हातात असावं हा प्रश्न पुन्हा किती खरा झाला, ते वेगळं सांगायला नको.

आपल्यातले बरेच जण काही ना काही सुरू करत असतात. कोणी शाळा दत्तक घेतं, कोणी गावात वाचनालय काढतं, कोणी ओपन सोर्स प्रोजेक्ट, कोणी परदेशात मराठी शाळा. आपल्याकडे पैसा असतो, नवी पद्धत असते, आणि तिथे आधीपासून कुरकुरत का होईना काम करणारी माणसं आपल्याला मागासलेली वाटतात. त्यांचा विरोध आपण अडाणीपणात जमा करतो. माझं म्हणणं, आधी त्यांचं आवार बघावं. जागा कोणी दिली, वर्गणी कोणी भरली, कोणावर विश्वास ठेवून कोणाचे हात पोळलेत, हे विचारावं. आणि मग आपली चांगली वस्तू उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावं. टेकडीवरून पोदिलपर्यंतचं अंतर काही किलोमीटरचंच आहे, पण ते उतरायला मोहिलासारख्या माणसालाही शहर पेटावं लागलं.

असो. तारीख विचाराल तर माझं उत्तर १६३२.